पुराला पुरून उरणारे भात

[पाण्याला आपण जीवन म्हणतो. पण तेच पाणी प्रमाणाबाहेर साचले, तर उभे पीक मरून जाते. पाण्यात पीक का मरते, भात पाण्यात कसे तग धरते आणि ओडिशाच्या शेतकऱ्यांनी जपलेल्या एका जुन्या वाणाने लाखो शेतकऱ्यांची चिंता कशी हलकी केली, याची माहिती या पाठात दिली आहे.]

सतत चार-पाच दिवस पाऊस पडून गेला, की मिरचीच्या वाफ्यात पाणी साचते. अशा वेळी तुम्ही मिरचीची रोपे पाहिली आहेत का? बुडख्याशी पाणीच पाणी असते. पण पाने मात्र माना टाकतात. जणू काही भर उन्हाळ्यात आठवडाभर त्यांना कोणी पाणीच घातलेले नाही! तुरीचेही तसेच. पाणी साचलेल्या शेतातील तूर आधी पिवळी पडते आणि मग वाळून जाते. बांधाच्या पलीकडे भाताचे खाचर असते. तेथेही घोटाभर पाणी असते. पण तेथील रोपे हिरवीगार आणि ताठ उभी असतात.

पाऊस एकच, माती एकच. मग एक पीक मरते आणि दुसरे डोलते, असे का?

या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. मुळे जमिनीतून पाणी शोषून घेतात, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. पण मुळे श्वासही घेतात, हे आपण विसरतो. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा खेळत असते. या हवेतील ऑक्सिजन मुळे घेतात. पानांनी तयार केलेली साखर आणि हा ऑक्सिजन यांपासून त्यांना शक्ती मिळते. मुळांचे सारे काम या शक्तीवर चालते.

शेतात पाणी साचले, की या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी शिरते. पाण्यातून ऑक्सिजन फार मंद पसरतो. हवेत तो जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटींनी पाण्यातील त्याचा वेग कमी असतो. मातीत जो थोडाफार ऑक्सिजन उरलेला असतो, तो मातीतले सूक्ष्म जीव एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. मग मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणूनच मिरचीचे रोप पाण्यात उभे राहूनही तहानेने कोमेजते.

ऑक्सिजन मिळाला नाही, तर वनस्पती लगेच मरते असे मात्र नाही. ती दुसरा मार्ग धरते. पीठ किंवा ताडाचा रस जसा आंबतो, तशी तिच्या पेशींत साखर आंबू लागते. त्यातून मद्यार्क तयार होतो आणि थोडी शक्तीही मिळते. पण ही शक्ती फारच थोडी असते. ऑक्सिजन असताना जितक्या साखरेतून जेवढी शक्ती मिळते, तिच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्श्याएवढीच शक्ती आता तेवढ्याच साखरेतून मिळते. जे काम एका भाकरीवर होत होते, त्याला आता पंधरा भाकऱ्या लागाव्यात, तसा हा प्रकार होय. घरातील धान्याची कणगी अशा वेळी किती दिवस पुरणार? पिकाचेही तसेच होते. साठवलेली साखर संपली, की त्याचे आयुष्य संपते.

मग भात पाण्यात कसे जगते? कमळाचा देठ मोडून पाहा. त्यात आरपार गेलेल्या पोकळ नळ्या दिसतात. भाताच्या पानांत, खोडात आणि मुळांतही अशाच बारीक हवेच्या वाटा असतात. पाण्याच्या वर असलेल्या पानांतून हवा आत शिरते आणि या वाटांनी थेट मुळांच्या टोकापर्यंत पोचते. वाटेत ती बाहेर निसटू नये, म्हणून मुळांची बाहेरची साल घट्ट झालेली असते. केवळ टोकाजवळ थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपतो. तेथे चिखलातील विरघळलेल्या लोखंडाचा गंज तयार होतो. खाचरातील भाताचे रोप उपटून, मुळे धुऊन पाहिली, तर ती पुष्कळदा तांबूस दिसतात. तो तांबूस रंग याच गंजाचा असतो. चिखलात रुतलेले मूळ वरून आलेल्या हवेवर जगते, याची ती खूणच होय.

भाताचे बीही असेच चिवट असते. गव्हाचे बी पाण्यात बुडवून ठेवले आणि त्याला ऑक्सिजन मिळाला नाही, तर ते कुजून जाते. भाताचे बी मात्र ऑक्सिजन नसतानाही आपल्यातील पिठाची साखर करू शकते. त्या साखरेवर ते एक फिकट कोंब वर काढते. मूळ काढण्याची घाई ते करत नाही. आधी कोंबाने पाण्याच्या वर यायचे, हवा आत आणायची आणि मगच मुळे सोडायची, असा त्याचा क्रम असतो.

येथवर वाचल्यावर तुम्हांला वाटेल, की भाताला पाण्याचे भय नाही. पण तसे नाही. भाताची पाने पाण्याच्या वर असतील, तोवरच या हवेच्या वाटा उपयोगी पडतात. सारे रोपच पाण्याखाली गेले, तर हवा येणार कोठून? पुराचे पाणी गढूळ असते. त्यातून ऊनही नीट पोचत नाही. मग पानांना साखर तयार करता येत नाही आणि ऑक्सिजनही मिळत नाही. असे पूर्ण बुडालेले भात साधारणपणे आठवडाभरात मरते.

ओडिशाच्या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्या तेथे समुद्राला मिळतात. जमीन सपाट आणि सखल आहे. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर वादळी हवा तयार झाली, की जोराचा पाऊस पडतो आणि नद्या काठ सोडून शेतांत शिरतात. हे पाणी कधी चार दिवसांत ओसरते, कधी दहा-बारा दिवस राहते. शेतकऱ्याने नुकतीच लावणी केलेली असते. बियाण्याला पैसे गेलेले असतात, मजुरीला गेलेले असतात. पुष्कळदा ते पैसे कर्जाऊ आणलेले असतात. पाणी ओसरल्यावर तो शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो, तेव्हा चिखलावर आडवी पडलेली, कुजकी रोपे त्याच्या दृष्टीस पडतात. पुन्हा लावणी करावी, तर रोपे शिल्लक नसतात आणि हंगामही उलटून गेलेला असतो. सगळ्या मेहनतीवर पाणी फिरते, ते अक्षरशः!

पुराशी झुंजण्याचे भाताजवळ दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग उंच होण्याचा. बांगलादेश, आसाम आणि थायलंड येथील काही भागांत पाणी महिनोन्‌महिने साचून राहते आणि हळूहळू चढत जाते. तेथे खोल पाण्यातील भात लावतात. पाणी चढू लागले, की हे भातही त्याबरोबर वाढू लागते. एका दिवसात ते वीस-पंचवीस सेंटीमीटर वाढू शकते आणि त्याची उंची कित्येक मीटरपर्यंत जाते. पानांची टोके पाण्याच्या वर ठेवून ते हवा घेत राहते. लोक होडीत बसून त्याची कापणी करतात. २००९ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी या वाढीला कारण असलेली दोन जनुके शोधून काढली. पाण्याखाली पोहणारा मनुष्य तोंडात जी श्वासाची नळी धरतो, तिला स्नॉर्केल म्हणतात. त्यावरून या जनुकांना ‘स्नॉर्केल’ हेच नाव देण्यात आले.

परंतु जेथे पूर अचानक येतो आणि काही दिवसांनी निघून जातो, तेथे हा मार्ग घातक ठरतो. सामान्य भात बुडाले, की तेही घाबऱ्या माणसासारखे वर येण्याची धडपड करते. या धडपडीत त्याची सारी साखर खर्च होते. पाणी ओसरते, तेव्हा उंच, लुकलुकीत आणि अशक्त झालेले रोप स्वतःच्या भाराने कोसळते.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट आहे. तो आहे थांबण्याचा. ओडिशातील शेतकऱ्यांच्या जुन्या देशी वाणांपैकी एक वाण असे होते, की ते बुडाल्यावर वाढतच नसे. पाण्याखाली ते निपचित पडून राही. दोन आठवड्यांनी पाणी ओसरले, की त्याला नवी पाने फुटत. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी ओडिशातील कृषी संशोधकांनी या देशी वाणातून निवड करून एक शुद्ध वाण तयार केले आणि त्याला ‘एफआर १३ ए’ असे नाव दिले. ‘एफआर’ म्हणजे पूर सोसणारे. हे भात दिसायला साधे होते. त्याचे उत्पन्नही कमी होते. पण पुराच्या शेतात हमखास काहीतरी हाती लागे, म्हणून गरीब शेतकऱ्यांना त्याचा आधार वाटे.

फिलिपिन्स देशात लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे जगभरातील भाताच्या वाणांचे बियाणे जमा करण्यात येते. १९७० नंतरच्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी अनेक वाणे टाक्यांत बुडवून पाहिली. त्यांत ओडिशाचे हे भात फार वरच्या क्रमांकावर आले. मग अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांशी त्याचा संकर करण्याचे प्रयत्न सुरू झाले. पण यश मिळेना. संकरातून आलेले भात पूर सोसत असे. परंतु जुन्या वाणाचे नको असलेले गुणही त्याच्याबरोबर येत. शेतकऱ्यांना ते भात पसंत पडले नाही.

शास्त्रज्ञांनी प्रयत्न सोडले नाहीत. पूर सोसण्याचा हा गुण नेमका कोठे दडलेला आहे, याचा त्यांनी शोध सुरू केला. भाताच्या पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. १९९६ साली अमेरिकेत डेव्हिड मॅकिल आणि त्यांचे विद्यार्थी केनाँग शू यांनी दाखवून दिले, की हा गुण नवव्या गुणसूत्रावर आहे. पुढे दहा वर्षे हा शोध चालू राहिला. पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि इतर शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. अखेर २००६ साली ते जनुक नेमके सापडले. त्याला ‘सब-१-ए’ असे नाव मिळाले.

हे जनुक काम कसे करते, ते मोठे मनोरंजक आहे. आंबे आढीत घातले, की ते लवकर पिकतात. याचे कारण आंब्यातून निघणारा इथिलीन नावाचा वायू होय. आढीत तो कोंडून राहतो. हाच वायू भाताच्या रोपातही तयार होतो. एरवी तो हवेत निघून जातो. पण रोप बुडाले, की बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तो रोपातच साठतो. रोपाच्या दृष्टीने ही धोक्याची घंटाच असते. ती ऐकून सामान्य भात वर धावू लागते. ‘सब-१-ए’ जनुक असलेले भात मात्र तीच घंटा ऐकून वाढ थांबवते. ते साखर जपून, काटकसरीने वापरते. पाणी ओसरेपर्यंत बुडख्यातील कोंब जिवंत ठेवायचा, एवढेच काम ते करते. मराठीत ज्याला आपण संयम म्हणतो आणि उर्दूत सब्र म्हणतो, तोच गुण या लहानशा रोपाच्या अंगी असतो.

आता प्रश्न होता, हा गुण शेतकऱ्यांच्या आवडत्या भातात आणण्याचा. आंध्र प्रदेशातील मारुतेरू येथील संशोधन केंद्रात तयार झालेले ‘स्वर्णा’ हे वाण पूर्व भारतात फार लोकप्रिय आहे. शास्त्रज्ञांनी या ‘स्वर्णा’चा संकर पूर सोसणाऱ्या भाताशी केला. त्यातून आलेल्या रोपांचा पुन्हा ‘स्वर्णा’शीच संकर केला. असे तीन वेळा केल्यावर रोपे जवळजवळ सर्व बाबतींत ‘स्वर्णा’सारखी झाली, फक्त पूर सोसण्याचा गुण तेवढा नवा आला. कोणत्या रोपात हवे ते जनुक उतरले आहे, हे कळण्यासाठी प्रत्येक रोप बुडवून पाहण्याची गरज उरली नव्हती. पानाचा लहानसा तुकडा तपासला, की खूण मिळत असे. त्यामुळे जे काम पूर्वी दहा-पंधरा वर्षे चालले असते, ते थोड्याच वर्षांत झाले. दुसऱ्या जीवाचे जनुक यात घातलेले नाही. भाताचा भाताशी केलेला हा साधा संकर आहे.

२००९ साली ‘स्वर्णा सब-१’ हे वाण भारतातील शेतकऱ्यांना उपलब्ध झाले. २०१० साली ते बांगलादेशातही पोचले. बारा-चौदा दिवस पूर्ण बुडाले, तरी हे भात पुन्हा उभे राहू शकते. पाणी ओसरल्यावर पाने कुजलेली दिसतात आणि शेत गेले असेच वाटते. पण अशा वेळी लगेच नांगर घालायचा नसतो. काही दिवस वाट पाहिली, की चिखलातून हिरवे कोंब वर येतात.

ओडिशातील खेड्यांमध्ये या वाणाचा अभ्यास करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शेत दहा दिवस पाण्याखाली राहिले, तर प्रचलित वाणापेक्षा ‘स्वर्णा सब-१’चे उत्पन्न सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक येते, असे त्यात दिसून आले. पूर आला नाही, तरी उत्पन्नात घट होत नाही, हेही दिसले. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. पूर येणाऱ्या सखल जमिनी कसणाऱ्यांत समाजातील खालच्या मानल्या गेलेल्या जातींचे लोक अधिक आहेत. चांगल्या, उंचावरच्या जमिनी त्यांच्या वाट्याला आलेल्या नाहीत. म्हणजे पुराचा फटका ज्यांना सर्वांत जास्त बसतो, त्यांनाच या भाताचा लाभ सर्वांत जास्त होतो. शिवाय हे बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागत नाही. आपल्या शेतातील चांगले बियाणे राखून ठेवता येते, शेजाऱ्याला देता येते.

या भातालाही मर्यादा आहेत, हे विसरता कामा नये. पीक पोटरीत किंवा फुलोऱ्यात असताना ते बुडाले, तर हे जनुक त्याला वाचवू शकत नाही. पाणी तीन-चार आठवडे हटलेच नाही, तरीही उपाय चालत नाही. त्यामुळे शास्त्रज्ञांचे काम अजून चालूच आहे. पेरलेले बी पाण्याखाली उगवावे, पूर आणि खारे पाणी दोन्ही सोसावे, अशा वाणांसाठी ते झटत आहेत. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा शेतकऱ्यांच्या जुन्या देशी वाणांकडेच वळत आहेत.

विचार करा, कमी उत्पन्न देणारे म्हणून ते जुने भात सर्वांनी टाकून दिले असते, तर काय झाले असते? प्रयोगशाळेत कितीही यंत्रे असती, तरी त्यांना शोधायला ते जनुकच उरले नसते. ओडिशातील ज्या शेतकऱ्यांनी ते वाण वर्षानुवर्षे पेरले, राखले आणि पुन्हा पेरले, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. त्यांना जनुक म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. पुरानंतर काय उरते, एवढेच त्यांनी पाहिले आणि जे उरले ते जपून ठेवले. त्यांच्या घरातील मूठभर बियाणे जगभर फिरून, विज्ञानाची जोड घेऊन, पुन्हा त्यांच्याच नातवंडांच्या शेतात परत आले आहे. पुराला पुरून उरले ते हे भात आणि ते जपणारे हे हात!

शब्दार्थ
(कंसात उर्दू अर्थ देवनागरी लिपीत दिले आहेत.)

खाचर – बांध घातलेले भाताचे शेत (धान का खेत)
बुडखा – झाडाचा जमिनीलगतचा भाग (तने का निचला हिस्सा)
पोकळी – रिकामी जागा (ख़ाली जगह)
गुदमरणे – श्वास कोंडणे (दम घुटना)
कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे मोठे भांडे (अनाज की कोठी)
वाण – पिकाचा प्रकार (क़िस्म)
सखल – खोलगट, खालच्या पातळीवरची (नशेबी)
ओसरणे – पाणी कमी होत जाणे (पानी का उतरना)
निपचित – हालचाल न करता (बे-हिस-ओ-हरकत)
आढी – फळे पिकवण्यासाठी गवतात रचून ठेवणे (फलों की पाल)
काटकसर – जपून केलेला खर्च (किफ़ायत)
पोटरी – भाताची लोंबी बाहेर पडण्यापूर्वीची अवस्था (बाली निकलने से पहले की हालत)
मर्यादा – सीमा (हद)

वाक्प्रचार

माना टाकणे – कोमेजणे, निस्तेज होणे
तग धरणे – टिकून राहणे
मेहनतीवर पाणी फिरणे – केलेले श्रम वाया जाणे
पुरून उरणे – वरचढ ठरणे, संकटापुढे न हरणे
जोड मिळणे – मदत किंवा साथ मिळणे

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मातीच्या कणांमधील पोकळ्यांत काय असते?
(आ) भाताच्या मुळांवरील तांबूस रंग कशाचा असतो?
(इ) ओडिशाच्या किनाऱ्यावर कोणत्या नद्या समुद्राला मिळतात?
(ई) आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था कोठे आहे?
(उ) ‘सब-१-ए’ हे जनुक कोणत्या साली सापडले?

प्र. २. प्रत्येकी तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मिरचीचे रोप पाण्यात उभे राहूनही का कोमेजते?
(आ) भाताचे बी पाण्याखाली कसे उगवते?
(इ) पुराशी झुंजण्याचे भाताचे दोन मार्ग कोणते?
(ई) ‘स्वर्णा सब-१’ या वाणाच्या मर्यादा कोणत्या?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) सामान्य भात पूर ओसरल्यावर कोसळते.
(आ) संकरातून आलेले पहिले भात शेतकऱ्यांना पसंत पडले नाही.
(इ) ‘स्वर्णा सब-१’चा लाभ गरीब शेतकऱ्यांना अधिक होतो.

प्र. ४. सात-आठ वाक्यांत उत्तर लिहा.
‘जुने म्हणून काहीही टाकून देऊ नये’ हा विचार पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ५. जोड्या लावा.
‘अ’ गट: (१) मारुतेरू (२) इथिलीन (३) स्नॉर्केल (४) एफआर १३ ए
‘ब’ गट: (क) श्वासाची नळी (ख) ओडिशा (ग) आंब्याची आढी (घ) स्वर्णा

प्र. ६. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(अ) पाण्यातून ऑक्सिजन फार ______ पसरतो. (वेगाने, मंद)
(आ) पूर ओसरल्यावर लगेच ______ घालायचा नसतो. (नांगर, बांध)
(इ) पूर सोसण्याचा गुण भाताच्या ______ गुणसूत्रावर आहे. (नवव्या, बाराव्या)

भाषाभ्यास

(१) पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा: तग धरणे, माना टाकणे, पुरून उरणे.

(२) विरुद्धार्थी शब्द लिहा: जुने, उंच, मंद, अशक्त, लाभ.

(३) अनेकवचन लिहा: नदी, मूळ, पान, रोप, खेडे.

(४) कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) पाणी ओसरते. (भूतकाळ करा.)
(आ) शेतकऱ्याने बियाणे जपून ठेवले. (भविष्यकाळ करा.)
(इ) मुळे श्वास घेतात. (प्रश्नार्थी वाक्य करा.)

(५) जमीन, हवा, हंगाम, कर्ज हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द पाठातून किंवा तुमच्या बोलण्यातून शोधून लिहा.

उपक्रम

दोन काचेचे पेले घ्या. पाणी उकळून, झाकण ठेवून थंड करा आणि दोन्ही पेल्यांत काठोकाठ भरा. एका पेल्यात साळीचे, म्हणजे तूस न काढलेल्या भाताचे, दहा दाणे आणि दुसऱ्यात गव्हाचे दहा दाणे टाका. पेले झाकून ठेवा. आठवडाभर रोज पाहा. कोणत्या दाण्यांना कोंब फुटला, मूळ फुटले का, पाण्याला वास येऊ लागला का, यांची नोंद मराठीत वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.

तुमच्या ओळखीत कोणी शेतकरी असेल, तर त्यांच्या गावात पूर्वी पेरली जाणारी, पण आता न दिसणारी धान्याची वाणे कोणती, ते विचारा. त्यांची नावे आणि गुण यांचा तक्ता तयार करून वर्गात लावा.